काचेपलीकडचं गणगोत

गोल्डफिश घरात आले की बघता बघता त्यांची नाती लावून होतात. मोठा लाल म्हणजे दादा, पांढऱ्या शेपटीची ती गरीब बिचारी, आणि तळाशी एकटाच घुटमळतो तो रुसूबाई. पाहुण्यांना टाकी दाखवताना प्रत्येकाची ओळख स्वभावासकट करून दिली जाते. आमच्याकडेही हेच चालतं, आणि मला ते मनापासून आवडतं. विश्वास मात्र त्यावर फारसा नाही.

टाकीसमोर बसणं म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघणं. कोण कुणाच्या मागे लागलंय ते दिसतं, संवाद आपण आपल्या पदरचे घालतो. माशांचं बरंचसं बोलणं पाण्यात विरघळलेलं असतं, वासाच्या रूपात. त्यातलं अक्षरही काचेच्या या बाजूला येत नाही.

त्या दादाचंच बघा. सकाळी दिवा लावला की तो पांढऱ्या शेपटीच्या मागे लागतो. ती वनस्पतीत शिरली की तोही शिरतो, ती कोपऱ्यात गेली की तो तिच्या कुशीला अंग घासत उभा. घरातल्या लहानांच्या मते हा शुद्ध छळ. पण जरा जवळ जाऊन पाहिलं की चित्र बदलतं. तो चावत नाही. शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली, तोंडाने ढुशा देतो, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. खाद्याचे दाणे पडले की दोघं शेजारी शेजारी निवांत खातात. हाडवैर असं सुटीवर जात नाही. आणखी जवळून पाहिलं तर त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे ठिपके दिसतात. नर विणीच्या तयारीत असल्याची ही खूण. ‘व्हाइट स्पॉट’ रोग समजून बाटलीभर औषध ओतण्याआधी ठिपके कुठे आहेत ते बघावं: रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले असतात, नराचे ठरलेल्या जागीच असतात.

या पाठलागाची सुरुवातही बहुतेक वेळा त्याच्याकडून होत नाही. मादीच्या अंगात अंडी सुटायची वेळ जवळ आली की तिच्या शरीरातली संप्रेरकं पाण्यात उतरतात. नराच्या नाकाला ती इतकी बारीक कळतात की त्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, वीर्याचं प्रमाण वाढतं, आणि अंडी सुटल्यावर पाण्यात येणाऱ्या दुसऱ्या वासाने तो पाठलागाला लागतो. टाकीत मादी नसेल तर नर एकमेकांच्याच मागे धावतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, टोळीयुद्ध पेटलं. अर्थात हेतू काहीही असो, मादीची दमछाक खरी असते. अरुंद टाकीत दोन-तीन नर एकीच्या मागे लागले तर तिचे खवले निघतात, पर फाटतात. तेव्हा मध्ये जाळी लावून तिला विसावा द्यावा, तिथे निसर्गाचं कौतुक करत बसू नये. एवढं सगळं करून अंडी पडली की आईबाप दोघंही ती खायला लागतात, ते वेगळंच. पालक म्हणून गोल्डफिशची कामगिरी यथातथाच.

जोडी नाही, संसार नाही, पिलांची काळजी नाही. स्वतःच्या हद्दीवरून मारामारीही नाही. मग यांच्यात सामाजिक ते काय? तर घोळका. एकट्या गोल्डफिशपेक्षा सोबतीतला गोल्डफिश जास्त खातो, हे १९३० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. १९८२ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की घोळका जितका मोठा, तितकं त्यातल्या माशाला अन्न लवकर सापडतं. घरच्या टाकीतही हे दिसतं. एकाने खड्यांत तोंड खुपसून काही चघळायला सुरुवात केली, की बाकीचे सगळे काम टाकून तिथे हजर. बहुतेकदा तो नुसता खडाच निघतो. पहिला तो थुंकतो, दुसरा उचलून चाखतो, आणि तोही थुंकतो. शेजाऱ्याच्या अनुभवावर विश्वास ठेवायची पद्धत त्यांच्यातही नाही.

मला सगळ्यात आवडतो तो शिकागोच्या वॉर्डर अ‍ॅली या प्राणिशास्त्रज्ञाचा प्रयोग. १९३२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या विषारी पाण्यात गोल्डफिश सोडले, काही घोळक्याने, काही एकेकटे. पाणी तेवढंच, विष तेवढंच. घोळक्यातले जास्त काळ जगले. कारण अगदी साधं होतं: माशांच्या अंगाचा बुळबुळीत स्राव चांदीला धरून तळाशी बसवत होता, आणि मासे जास्त असले की प्रत्येकाच्या वाट्याला विष कमी येत होतं. यात कुणी कुणासाठी काही केलं नाही. नुसतं एकत्र असणं कामी आलं.

तोच घोळका छोट्या काचेच्या भांड्यात कोंबला की उलटं होतं. गोल्डफिश कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना तो पुरेसा पचवता आला नाही की तोच सगळ्यांच्या मुळावर येतो. म्हणून तळाशी बसलेला रुसूबाई दिसला की त्याला एकटं वाटत असेल म्हणून नवा सोबती आणायला धावू नये. आधी पाणी तपासावं. पर अंगाशी मिटलेले आहेत का, श्वास जलद चाललाय का, ते बघावं. नवा मासा आणायचाच असेल, तर काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून मग.

आणि कधी कधी तो रुसलेला नसतोच, नुसता हळू असतो. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी साध्या करड्या माशांतून सोनेरी निवडले गेले, आणि पुढे माणसांनी हौसेने त्यांना गोल पोटं, दुहेरी शेपट्या, बाहेर आलेले डोळे दिले. असल्या डोळ्यांच्या ‘टेलिस्कोप’ जातीच्या गोल्डफिशला दाणा नीट दिसत नाही, आणि दिसेपर्यंत सडपातळ ‘कॉमेट’ जातीच्या गोल्डफिशने तो गिळलेला असतो. आपण म्हणतो, कॉमेट हावरट आहे. त्याचं शरीर मासा म्हणून जसं असायला हवं तसं आहे, इतकंच. हळूंना हळूंबरोबर ठेवावं, नाहीतर दाणे दोन टोकांना टाकावेत.

राहता राहिला दुखवटा. जाळीने पकडताना एखाद्याची कातडी खरवडली, की बाकीचे एकदम तळाशी जाऊन घट्ट जमतात, खाणंही टाकतात. ‘वाईट वाटलं बिचाऱ्यांना,’ असं कुणीतरी म्हणतंच. मधमाश्यांच्या नाचाचा उलगडा करणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मिनो या छोट्या माशांवर काम करून दाखवलं होतं, की जखमी कातडीतून निसटणारं द्रव्य पाण्यात पसरलं की सोबतचे मासे घाबरून पळतात. गोल्डफिशही त्याच कार्पवर्गीय माशांतले. तेव्हा ते जमलेत ते शोकसभेला नव्हे, शिकारी आलाय या खबरीमुळे. आणि शिकारी म्हणजे जाळी हातात घेऊन उभे असलेले आपण. संध्याकाळी तोच हात दाण्यांचा डबा घेऊन आला की सगळे पुन्हा काचेला तोंडं लावून हजर असतात, दादा सगळ्यांत पुढे.