ऑटिस्टिक मुलाचं पहिलं कम्युनियन: तयारी करून घेतानाचा माझा अनुभव

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकर पहिल्यांदा घेण्याच्या तयारीसाठी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऑटिस्टिक मूल आलं की कुणीतरी विचारतंच, ‘त्याला काय कळणार?’ त्यामुळे फादरांशी पहिलं बोलणं मी याच मुद्द्यावर करते. कॅनन ९१३ (कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम) मुलाकडून समज मागतो, पण ती त्याच्या कुवतीप्रमाणे. घरची पोळी आणि वेदीवरची भाकर वेगळी, हे त्याच्या वागण्यातून, शांत होण्यातून दिसलं तरी मला पुरेसं वाटतं. प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवण्याचा हट्ट चर्चचा नाही, आपल्या वर्गांचा आहे.

सगळ्यात जास्त वेळ होस्टवर, म्हणजे कम्युनियनमध्ये देतात त्या गव्हाच्या चकतीवर जातो. ती पातळ, कोरडी, बेचव. जिभेवर आधी कागदासारखी लागते आणि मग टाळूला चिकटते. चिकटली की मूल बोट घालतं किंवा थुंकतं, आणि मोठ्यांना तो अनादर वाटतो. म्हणून सॅक्रिस्टीतून (चर्चमधल्या तयारीच्या खोलीतून) साध्या, वेदीवर न गेलेल्या होस्ट मागून घ्यायच्या आणि तीन-चार महिने आधी घरी सुरुवात करायची. आधी नुसती हातात, मग ओठांना, मग तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा जिभेवर, लगेच घोटभर पाणी. कम्युनियनआधीच्या तासाभराच्या उपवासात पाणी चालतं, तसं नंतरही चालतं. तुकडा वाढवायची घाई नको, कारण कणातही ख्रिस्त पूर्ण असतो. त्या दिवशी फादरांनी तेवढाच तुकडा द्यावा, हे आधी ठरवून ठेवायचं. घन काहीच गिळता येत नसेल तर कॅनन ९२५ प्रमाणे नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात देता येतं. काही घरांत मुलाला गहू बंद असतो. तिथे तांदळाचं वेफर चालत नाही, पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्टही नाही. कमी ग्लुटेनची चालते, पण ती मागवायला वेळ लागतो आणि वेगळ्या भांड्यात ठेवावी लागते.

त्या दिवशी होस्ट तोंडातून बाहेर आलीच, तर धावपळ करायची नाही. जवळच्या मोठ्या माणसाने ती रुमालात न गुंडाळता हातात घेऊन फादरांकडे द्यावी. ती पाण्यात पूर्ण विरघळू देतात आणि ते पाणी सॅक्रारियममध्ये, म्हणजे थेट जमिनीत निचरा होणाऱ्या खास कुंडात ओततात.

मिस्साची सवय रिकाम्या चर्चमध्ये लावायची. पंखे, माइक, दिवे एकेक करून सुरू करायचे. त्रास बहुधा प्रवचनाचा नसतो. अचानक वाजणारी घंटा आणि माइकची शिट्टी यांचा असतो. घंटेच्या आधीचं चित्रकार्ड मुलाच्या हातात असलं की कान झाकायला वेळ मिळतो. प्रवेश, वाचन, अर्पण, घंटा, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’, शांती, रांग, घर: एवढी आठ कार्डं पुरतात. ‘घर’चं कार्ड विसरू नये, कारण हे कधी संपणार, हीच मुलाची मोठी चिंता असते. शांतीच्या वेळी हात मिळवणं नको असेल तर नमस्कार करावा. भारतात त्याची परवानगी १९६९ पासून आहे. जागा बाजूच्या दाराजवळची, स्पीकरपासून लांब. धूप शक्यतो टाळावा.

कन्फेशनसाठी, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्यासाठी, बंद कोठडीऐवजी उघड्या बाकावर, कागदावर काढलेली चित्रं दाखवून काम होतं. दुभाषी लागला तर कॅनन ९९० ची मुभा आहे, आणि गुप्तता त्यालाही बांधते.

कपड्यांकडे कुणी पाहत नाही आणि तिथेच सगळं बिघडतं. कडक लेस, टाय, नवे बूट हे सगळं आधी बरेचदा धुऊन, वापरून मऊ करायचं, कॉलरचं लेबल कापून टाकायचं. नाही जमलं तर साधा पांढरा सदरा. फोटोवाल्याला फ्लॅश बंद ठेवायला सांगायचं. रांगेत मुलाला पहिलं किंवा शेवटचं ठेवावं. मधे थांबवलं की पुढच्याच्या पाठीला लागून अस्वस्थ होतं. कम्युनियन घेताना म्हणायचं ‘आमेन’ ओठांवर येत नसेल तर मान हलवून किंवा टॅबलेटचं बटण दाबून.

पुढच्या रविवारी कम्युनियन देणारी व्यक्ती वेगळी असते, हे विसरलं जातं. त्यामुळे तुकड्याचा आकार, पाणी आणि ‘आमेन’ची खूण यांची चिठ्ठी पालकांच्या परवानगीने सॅक्रिस्टीत ठेवावी आणि कम्युनियन देणाऱ्या सगळ्यांनी ती मिस्साआधी वाचावी.