सरासरी स्थान १.४

मार्च २०१८ मध्ये, गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी, देवगडच्या एका आंबा बागायतदारांचा सकाळी साडेनऊला फोन आला. पुण्यात हापूस घरपोच विकण्यासाठी त्यांनी गूगलवर जाहिराती सुरू केल्या होत्या. ते काम दोन आठवड्यांपासून मी पाहत होते. आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या अहवालात मी ‘सरासरी स्थान १.४’ हा आकडा ठळक केला होता आणि त्याखाली, ‘आपली जाहिरात बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकावर दिसते’ असे वाक्य मोठ्या समाधानाने लिहिले होते. फोन सुरू असतानाच त्यांनी पुण्यातल्या भाच्याच्या मोबाइलचा फोटो पाठवला. त्यात सगळे साधे निकाल संपल्यानंतर, पानाच्या अगदी शेवटी, आमची जाहिरात एकटीच बसली होती. “मॅडम, पहिल्या नंबरचा आंबा पेटीच्या तळाला लावतात का?” एवढेच त्यांनी विचारले.

मी त्यांच्याकडे तासाभराचा वेळ मागितला आणि अ‍ॅडवर्ड्सच्या (गूगलच्या जाहिरात सेवेच्या) खात्यात ‘टॉप व्हर्सेस अदर’ ही विभागणी लावून पाहिली. एकूण ४,२०० इम्प्रेशन्सपैकी, म्हणजे जाहिरात दिसण्याच्या वेळांपैकी, ३,१०० ‘अदर’मध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी होती आणि तिथले सरासरी स्थान १.३ होते. आकडा खोटा नव्हता, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. प्रत्येक शोधावेळी जाहिरातींच्या जागांसाठी गूगल लिलाव करते. सरासरी स्थान म्हणजे त्या लिलावात इतर जाहिरातींच्या तुलनेत आपला क्रमांक, आपण पानावर कुठे बसलो त्याचा पत्ता नव्हे. पानाच्या वरच्या भागात जागा मिळण्यासाठी बोली (एका क्लिकमागे आपण देऊ केलेली रक्कम) आणि जाहिरातीची गुणवत्ता यांतून ठरणारा ‘अ‍ॅड रँक’ एका किमान पातळीच्या वर असावा लागतो, आणि ती पातळी कोणीच गाठली नाही तर वरची जागा रिकामी राहून तळाच्या पहिल्या जाहिरातीला क्रमांक १ मिळत असे. हंगाम नुकताच उघडत होता, स्पर्धक मोजकेच होते, त्यामुळे आम्ही तळाशी बसून पहिले येत होतो. ही व्याख्या मला पाठ होती, हे कबूल करायला हवे.

खर्चाच्या आकड्यातही हीच खूण दडलेली होती. कीवर्ड प्लॅनर या गूगलच्या साधनाने २० रुपयांच्या कमाल बोलीवर क्लिकमागे सरासरी १३ रुपयांचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात ९ रुपयेच पडत होते, म्हणून आम्ही दोघेही खूश होतो. बोली ही फक्त वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरती आणि त्या जागेची किमान पातळी ओलांडण्यापुरतीच रक्कम आकारली जाते. तळाची पातळी कमी, म्हणून क्लिक स्वस्त. अंदाजापेक्षा एवढे स्वस्त का, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडायला हवा होता. पण महाग पडले की आपण चौकशी करतो, स्वस्त पडले की करत नाही.

वरच्या भागासाठीच्या बोलीचा अंदाज आमच्या मुख्य शब्दाला ३१ रुपये दाखवत होता. नुसती बोली वाढवून तिथे जाता आले असते, पण गूगलने जाहिरातीला दिलेले गुणवत्ता गुण १० पैकी ३ होते. शिवाय शोधशब्दांच्या यादीत आणखी एक चूक उघड दिसत होती: ‘आंबा लागवड’, ‘आमरस कसा करायचा’, ‘आंब्याचे रोप’ अशा शोधांवरही आमची जाहिरात जात होती. हे शब्द वगळले. मजकुरात ‘देवगड हापूस, ५ डझनांची पेटी, पुण्यात घरपोच’ असे नेमके लिहिले. संकेतस्थळावरचे बागेचे अवजड फोटोही हलके करून घेतले. दहा-बारा दिवसांत गुण ६ झाले आणि तोच अंदाज २३ रुपयांवर आला. आम्ही बोली २५ केली.

मधल्या काळात एके दिवशी १,५०० रुपयांच्या दैनिक बजेटवर २,६०० रुपये गेले आणि पुन्हा फोन आला. ऑक्टोबर २०१७ पासून एका दिवसात बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याची मर्यादा मात्र दैनिक बजेटच्या ३०.४ पटीची असते, हे मी त्यांना आधीच सांगायला हवे होते.

१८ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या आठवड्यात पुण्यातले जवळजवळ सगळे आंबेवाले लिलावात उतरले, आमचा क्लिक १९ रुपयांवर गेला आणि सरासरी स्थान १.४ वरून २.३ झाले. कागदावर आम्ही घसरलो होतो. प्रत्यक्षात दहापैकी आठ वेळा जाहिरात निकालांच्या वर दिसत होती आणि पेट्यांच्या मागण्या मार्चच्या तिपटीने येत होत्या. तो अहवाल पाठवताना मी आधी भाच्याच्या मोबाइलवरचा नवा फोटो जोडला, आकडे त्याच्या खाली.

पुढे ३० सप्टेंबर २०१९ ला गूगलने सरासरी स्थान हा आकडा काढूनच टाकला. ‘पानाच्या वरच्या भागात किती वेळा’ आणि ‘अगदी वर किती वेळा’ हे दोन आकडे नोव्हेंबर २०१८ पासूनच मिळत होते. २०१९ च्या हंगामाच्या अंदाजपत्रकातून मी स्थानाचा रकाना त्याआधीच वगळला होता. बागायतदारांनी ते अंदाजपत्रक सही करून परत पाठवले, तेव्हा समासात पेनाने आखलेला एक नवा रकाना होता. त्याचे शीर्षक होते: ‘वर की खाली?’