केशरची जोडी लावावी का?

शनिवार, रात्री साडेदहा

आज संध्याकाळी मेघने, माझ्याकडच्या कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) नराने, पुन्हा तेच केले. अजून घरट्याची पेटीही न लावलेल्या कोपऱ्यात पंख थोडे फाकवून तो बराच वेळ शीळ घालत राहिला आणि चोचीने दांडी ठोकत राहिला. केशर, माझी पिवळी मादी, सरकत त्याच्याजवळ गेली, वाकून बसली, आणि तो तिच्या पाठीवर चढताच दोघेही घसरले. तिचा डावा पाय मांडीपासूनच बाहेर फाकलेला आहे. तोल जाऊ लागला की ती चोचीने जाळी घट्ट पकडते आणि उजव्या पायावर स्वतःला सावरते. आज जाळी तिच्या टप्प्यात नव्हती. ती सरळ तळाशी पडली, क्षणभर तशीच बसून राहिली आणि मग एकेक तार चोचीने धरत वर चढली.

पेटी गेले तीन महिने माळ्यावर पडून आहे. शेजारच्या काकांनी ती मोठ्या आपुलकीने दिली होती, आणि आईही अधूनमधून विचारते की यांना पिल्ले कधी होणार. मी उत्तर टाळत आले, कारण केशरचे व्यंग रक्तातले आहे की घरट्यातले, एवढाच प्रश्न आहे असे मी धरून चालले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मिळाले आहे. पेटीचा तळ गुळगुळीत असेल, त्यावर लाकडाचा भुसा नसेल किंवा मादी पिल्लांवर फार दाबून बसत असेल, तर कोवळी हाडे वाढताना पाय बाहेर फाकतात; कॅल्शियम कमी पडले तरी तसे होते. डॉक्टरांच्या मते केशरच्या बाबतीतही असेच घडले असावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून ठेवले असते तर ती आज सरळ उभी राहिली असती. ज्याच्याकडून तिला आणले त्याने तेवढे कष्ट घेतले नाहीत, आणि विकताना पायाबद्दल एक शब्दही सांगितला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

केशरच्या तुऱ्यामागे पिसे नाहीत; ते टक्कल मात्र वेगळे. ते आनुवंशिक आहे. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला राखाडी पक्षी; १९५८ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात केशरसारखा, लाल डोळ्यांचा फिका पिवळा ल्युटिनो निपजला आणि त्या रंगाच्या हौसेपायी जवळच्या नात्यातल्या जोड्या पिढ्यानपिढ्या लावल्या गेल्या, त्यातून हे टक्कल पक्के झाले. भरघोस पिसांच्या राखाडी नराशी जोडी लावली तर ते पुढच्या पिढ्यांत कमी करता येते, आणि मेघ तसाच आहे. शिवाय टकलामुळे तिचे काही अडत नाही. म्हणजे जे व्यंग पिल्लांत उतरू शकते ते निरुपद्रवी, आणि जे घातक ते बहुधा उतरणार नाही. एवढ्यावर मी जवळजवळ होकारापर्यंत आले होते.

आज तिला पडताना पाहिले आणि हिशेब चुकीच्या जागी मांडला होता हे लक्षात आले. मी पिल्लांचाच विचार करत होते, आईचा नाही. तिचे वजन ८८ ग्रॅम आहे. कॉकाटीलचे अंडे साधारण पाच ग्रॅमचे असते आणि मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. पाच अंडी धरली तरी तिच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भार झाला. कवचासाठीचे बरेचसे कॅल्शियम तिच्याच हाडांतून जाते. त्यात, वाकड्या वाढलेल्या पायाबरोबर तिचा कटिभागही एका बाजूला झुकला आहे, आणि अशा मादीचे अंडे अडकण्याची भीती डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितली होती. अंडे अडकलेली मादी पिसे फुगवून तळाशी बसते, श्वासागणिक तिची शेपटी हलते, आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर एक-दोन दिवसांत सगळे संपते. अंडी काकांच्या जोडीखाली उबवायला ठेवावीत असेही माझ्या मनात येऊन गेले. पण त्याने तिचे संगोपनाचे कष्ट वाचतील, अंडी घालणे थोडेच टळणार आहे?

आणि हे सगळे कशासाठी, तर मला तिच्यासारखे एक पिवळे पिल्लू हवे आहे. मेघमध्ये तो रंग लपलेला नसेल, तर सगळी पिल्ले राखाडीच होणार हे माहीत असूनही हवे आहे. केशरने माझ्याकडे काही मागितलेले नाही.

जोडी लावायची नाही, असे मी आज ठरवले. मात्र नुसते ठरवून भागणार नाही, कारण नर नसला तरी कॉकाटीलची मादी अंडी घालू शकते. दोघांना वेगळे करावे का, यावर मी संध्याकाळभर विचार केला. ती दोघे रात्री एकमेकांना चिकटून झोपतात, त्यामुळे निदान आज तरी माझा हात धजावला नाही. सध्या उजेडाचे तास कमी करायचे, साडेसहालाच पिंजऱ्यावर कापड टाकायचे, उकडलेले अंडे आणि भिजवलेले धान्य बंद करून साधे राळे ठेवायचे, कॅल्शियमसाठीचा समुद्रफेस मात्र कायम ठेवायचा. तरीही अंडे आलेच, तर ते त्याच दिवशी उकडून, गार करून तिच्याखाली परत ठेवायचे. काढून घेतले तर ती आणखी घालत राहते. महिन्याभरात अंडे दिसले, तर मात्र मेघचा पिंजरा शेजारी वेगळा मांडावा लागेल.

वरची दांडी काढून मी ती तळापासून चार बोटांवर बसवली आहे आणि तिच्यावर सुती दोरी गुंडाळली आहे. केशर तिच्यावर दोनदा चढून उतरली. पेटी माळ्यावरून काढून दाराशी ठेवली आहे. उद्या सकाळी काकांना परत देऊन येईन.