मावशींनी विचारलेला प्रश्न

बारावीनंतर मी ज्या कॉलेजात गेले त्याचं नाव आमच्या सोसायटीत कुणी ऐकलेलं नव्हतं. पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी, एका वर्षाला जेमतेम साठ मुलं. सायन्सला चांगले मार्क असून लिबरल आर्ट्सला चाललेय म्हटल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे चित्रकला का गं?" त्यांना समजावताना मलाच नीट उमगलं की यातला आर्ट्स म्हणजे कला नव्हे, विद्या. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या सगळ्यांनाच शिकाव्या लागत. काकांना खगोल आणि संगीत एका यादीत आहेत हे आवडलं. बाबांना मात्र फीचा आकडा दिसत होता. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलं. अशा कॉलेजांची फी खरंच जास्त असते आणि त्यामुळे कितीतरी हुशार मुलं दारापर्यंतही येत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिला अडथळा आला हाक मारण्याचा. शिक्षकांना नावाने हाक मारायची असा तिथला रिवाज. शाळेत दहा वर्षं सर आणि बाई म्हटलेलं, जीभ वळेना. शेवटी मी ताई-दादा म्हणायला लागले, आणि वर्षभरात निम्मी बॅच तेच म्हणू लागली.

दुसरा अडथळा मोठा होता. वर्ग म्हणजे एक लांबट टेबल, भोवती चौदा खुर्च्या. मागचा बाक नाहीच, त्यामुळे लपायला जागा नाही. मी क्लासमध्ये वाढलेली मुलगी. शंका विचारणं म्हणजे आपलं कच्चेपण उघडं करणं, असं मनात पक्कं बसलेलं. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी मला थेट विचारलं, "तुला काय कळलं नाही ते सांग." मी पुस्तकातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "हे वाक्यच कळलं नाही." टेबलाभोवती कुणालाच कळलं नव्हतं. तो सगळा तास आम्ही त्या एका वाक्यावर घालवला.

बाकी आयुष्य इतर कॉलेजांसारखंच, फक्त माणसं कमी. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात आमची एकांकिका असायची तेव्हा प्रकाशयोजना करणारी मुलगीच प्रयोगाआधी कपड्यांना इस्त्री करत असायची. मोठ्या कॉलेजांची चारशे पोरं "आव्वाज कुणाचा" म्हणून थिएटर दणाणून सोडत. आम्ही पन्नास जण, पण घसा बसेपर्यंत ओरडायचो.

तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर १६०, आणि पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर त्यातले १२ क्रेडिट स्वतःच्या संशोधनाचे. मी चौथ्या वर्षासाठी थांबले. विषय आजीमुळे मिळाला. तिच्या माहेरच्या वाड्यात, सदाशिव पेठेत, चौकात कात्रजच्या पाण्याचा हौद होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नळ कोरडे पडले, तेव्हा या हौदाचं पाणी भरायला गल्ली लोटली होती, हे ती दर पावसाळ्यात सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून, निव्वळ उतारावर, शहरात पाणी आणलं. नळात माणूस उतरू शकेल एवढी जागा, आणि वाटेत जागोजागी हवा खेळायला उच्छ्वास.

याचे जुने कागद पुणे पुरालेखागारात, कापडी रुमालांत बांधलेले, आणि मोडी लिपीत. म्हणून आधी मोडी शिकले. मोडीत ओळीची शिरोरेघ आधी ओढून घ्यायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विचारच नाही. पहिले दोन महिने कागद म्हणजे नुसती वळवळ. मग एका दुपारी त्या वळवळीतून "पाणी" हा शब्द आपोआप वर आला. मी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी आजोबांना तो दाखवला. त्यांनी चष्मा सारखा करून वाचला आणि म्हणाले, "बरोबर. पुढचा वाच."

प्रबंधाची मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, सगळ्यांसाठी खुली असते. बाहेरून आलेले परीक्षक, माझ्या मार्गदर्शक ताई, बॅचची पोरं, पहिल्या रांगेत आजी, आणि मागे दाराशी मेसच्या मावशी, हात पदराला पुसत. मी उतार सांगितला, नकाशे दाखवले, हौद मोजले. परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देता आली. मग ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, अजून कुणाला काही विचारायचंय? मावशी म्हणाल्या, "अगं, त्या नळात गाळ साचत असंल की. तो काढायला आत कोण उतरायचं?"

सव्वाशे पानांत याचं उत्तर नव्हतं. मी तलाव लिहिला होता, दगड लिहिला होता, हुकूम देणारे लिहिले होते. आत उतरणारा माणूस माझ्या डोक्यातही आला नव्हता. म्हणाले, "मावशी, मी शोधलंच नाही." परीक्षकांनी वही बंद केली आणि तेवढं प्रकरण जोडून मगच प्रबंध द्यावा असं सुचवलं. पदवी दोन महिने लांबणार होती, एका ठिकाणची पुढची प्रवेशाची तारीखही हुकणार होती. संध्याकाळी बाबांना फोनवर सांगताना रडू आलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे ना? मग शोध."

सोमवारी सकाळी साडेदहाला मी पुन्हा पुरालेखागारात होते. मागणीच्या कागदावर आधी सवयीने "कात्रज तलावाचं काम" लिहिलं. ते खोडलं आणि लिहिलं, "नळाचा गाळ काढणाऱ्यांची मजुरी".