कठडा नसलेला किनारा: थेसालोनिकी

ग्रीसला जायचं म्हटलं की अथेन्स आणि सँटोरिनी ठरलेलं. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर मात्र पार उत्तरेला, थर्मिक आखाताच्या काठावर आहे आणि टूरवाल्यांच्या यादीत ते क्वचितच सापडतं. आम्ही थेसालोनिकीला गेलो ते निव्वळ मावशीच्या हट्टापायी. "बेटं पुरे झाली रे, आता जरा माणसं राहतात असं गाव दाखव," असं तिने फर्मावलं होतं.

माणसंच बघायची असतील तर इथल्या पारालिआवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या वाटेवर जावं. बंदरापासून व्हाइट टॉवरपर्यंतचा जुना भाग निकिस रस्त्याला लागून आहे. एका अंगाला उंच इमारती, त्यांच्या तळाशी ओळीने कॅफे, मग वाहता रस्ता, मग फरसबंदी आणि तिच्यापुढे थेट समुद्र. मध्ये कठडा नाही की साखळी नाही. मावशी दोन पावलं मागे सरली. "काय रे, कठड्यापर्यंत येईतो यांचे पैसे संपले की काय?" एवढ्यात तीनचाकी सायकलवरचं एक पोर काठापासून हातभर अंतरावरून भर्रकन गेलं. मागून त्याची आई, एका हातात कॉफी, दुसऱ्यात फोन. मावशीने डोळेच मिटून घेतले. पोराला काही झालं नाही. काठावर पाय सोडून बसलेली कॉलेजची पोरं, गळ टाकून बसलेले म्हातारे, कुणालाच त्या नसलेल्या कठड्याचं काही वाटत नव्हतं. थोड्या वेळाने मावशीही बसली, पण मांडी घालून आणि काठापासून चांगली लांब.

एकेकाळी इथे कठडाच काय, भलीमोठी तटबंदी होती. शहर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. 1869 नंतर ऑटोमन राजवटीने समुद्राकडचा तट पाडायला घेतला आणि भराव घालून धक्का बांधला. त्या तटबंदीच्या कोपऱ्यावरचा बुरूज तेवढा उरला, तोच व्हाइट टॉवर. ऑटोमन काळात तिथे तुरुंग होता आणि कैद्यांना मारल्यामुळे लोक त्याला रक्ताचा बुरूज म्हणत. पुढे 19व्या शतकाच्या अखेरीस त्याला चुना फासला आणि नावही धुऊन निघालं. आता तो पांढराही नाही, मळकट पिवळसर आहे. आत शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि वरच्या गच्चीतून सगळा किनारा दिसतो.

शहराचा चेहरा बदलला तो 1917च्या आगीने. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला, हजारो लोक बेघर झाले आणि एर्नेस्त एब्रार या फ्रेंच वास्तुविशारदाने नवा आराखडा केला. समुद्राकडे उघडणारा अरिस्टॉटल चौक त्यातलाच. दोन्ही बाजूंच्या कमानींखालून चालत आलं की समोर एकदम पाणी. फोटोसाठी लोक इथेच थांबतात.

मी म्हणेन, त्याहून थोडं पुढे बंदराकडे एलेफ्थेरियास चौकापर्यंत जा. देखणं तिथे काही नाही. जुलै 1942मध्ये जर्मनांनी शहरातल्या सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना याच चौकात भर उन्हात उभं करून त्यांची विटंबना केली. मार्च 1943पासून त्यांना घेऊन गाड्या आउश्वित्झच्या मृत्युछावणीकडे निघाल्या. शतकानुशतकं या शहरात स्पेनमधून आलेल्या ज्यूंची मोठी वस्ती होती. युद्धानंतर त्यातले मोजकेच उरले. चौकाच्या कोपऱ्यात स्मारक आहे, ज्वाळांत गुंतलेल्या मानवी आकृतींचं. तेवढं बघून मावशी बराच वेळ गप्प होती.

टॉवरच्या पलीकडे नवी पारालिआ सुरू होते. हिचं नूतनीकरण 2013-14च्या सुमारास पूर्ण झालं. रुंद वाट, सायकलींसाठी वेगळी पट्टी, कडेने छोट्या छोट्या बागा आणि शेवटी संगीतगृह. घोड्यावरचा अलेक्झांडर इथेच आहे. शहराला नाव मिळालं ते त्याच्या सावत्र बहिणीचं. पण संध्याकाळी सगळी गर्दी असते ती झोंगोलोपुलोस या ग्रीक शिल्पकाराच्या छत्र्यांपाशी. उंच खांबांवर उघड्या छत्र्यांचा हा पोलादी घोळका 1997 साली, शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं तेव्हा उभा राहिला. फोटोत बघून मला ते नाटकी वाटलं होतं. मावळतीच्या उजेडात खाली उभं राहिल्यावर मत बदललं.

टॉवरजवळून बोटी सुटतात. तिकीट नाही; आत बसून काहीतरी प्यायला मागवायचं, त्याचेच पैसे. अर्ध्या तासाची चक्कर. आम्ही फ्रापे घेतली. इन्स्टंट कॉफी, पाणी आणि साखर घुसळून वर बोटभर फेस आणि बर्फ. तिचा जन्मही याच शहरातला, 1957च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यातला. मावशीचा अभिप्राय: "कॉफी बरी आहे, पण ही प्यायला एवढा वेळ का लावतात?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा पेला चक्कर संपली तरी अर्धा भरलेला होता.

आता खरं सांगायचं तर इथला समुद्र पोहण्यासारखा नाही. शहरालगत वाळू नाही, पाणी गढूळ आणि काही दिवस वासही मारतं. पोहायचं तर जवळच्या हाल्किदिकी द्वीपकल्पावर जावं. इथे मात्र लोक पाण्यासाठी येतच नाहीत, एकमेकांसाठी येतात. तिळाचं कुलुरी, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, हातात घ्यायचं, टॉवरपर्यंत जायचं, परत यायचं, वाटेत कुणी भेटलं की उभ्याउभ्या अर्धा तास.

जायचंच असेल तर जुलै-ऑगस्टची दुपार टाळा, जुन्या भागात सावली फार कमी. उत्तरेचा वर्दारिस वारा वाहून गेलेल्या दिवशी हवा स्वच्छ असते आणि आखाताच्या पलीकडे ऑलिम्पस पर्वत दिसतो. आम्हाला ढगच दिसले. मावशीने तिथल्या तिथे ठरवलं की पुढच्या वेळी हिवाळ्यात यायचं, आणि बुगात्साच्या, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्रीच्या, दुकानाकडे चालू लागली.