फोंडा घाट, उसाच्या ट्रॉल्या आणि टर्बोचं प्रेशर

"टर्बो गेलाय. नवाच टाकावा लागंल, चाळीस हजारांच्या पुढं जाईल." शहरातल्या एका गॅरेजात बॉनेट उघडून, जागेवरच चार वेळा रेस देऊन मला हे सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरून आत हवा दाबून भरणारा पंखा. गेलेला टर्बो सकाळी कामाला येतो आणि दुपारी रजा टाकतो, हे काही पटेना. थंड गाडी मस्त उचलायची. तासभर पळाली की ओव्हरटेकला पाय दाबल्यावर आधी दणकन सुटायची, मग मागून कासरा ओढल्यासारखी बसायची, परत उचलायची, परत बसायची. कधी इंजिनचा दिवा लागायचा आणि मग चढाला दुसरा गिअर सोडवत नव्हता. किल्ली बंद करून परत मारली की जणू काही झालंच नाही.

कणकवलीला पाहुण्यांकडं वास्तुशांत होतीच. म्हटलं, जाता-येता फोंडा घाटातच बघू. घरच्यांना एसटीनं पाठवलं आणि दाजींना शेजारी बसवलं. तुमच्याही गाडीचं असंच असेल तर हे पाळाच. बायकापोरं भरून असली तपासणी करायची नाही, आणि एकट्यानंही नाही. मोबाईलवरचा आकडा बघायला दुसरा माणूस पाहिजे.

आकडा येतो कुठून? स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. त्यात मॅप सेन्सरचं रीडिंग लावायचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. हा दाब बाहेरच्या हवेसकट असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना आमच्या दारात ९५ किलोपास्कल दिसलं. कणकवलीत तेच १०० झालं. म्हणजे सेन्सर शहाणा आहे, ही पहिली शंका फुकटात मिटली. इंजिन बंद असताना तुमच्याकडं ७० किंवा १३० दिसत असेल तर टर्बोकडं बघूच नका, आधी तो सेन्सर काढून काजळी साफ करा.

रंकाळ्यावरून पुईखडी, हळदी, भोगावती, राधानगरी असा रस्ता. सहाच्या आत निघा. हंगामात भोगावतीच्या पट्ट्यात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर लागतात आणि एकामागं एक चार असले की रस्ता संपला. आम्ही साडेसातला निघालो, आमचंच चुकलं. परिते ओलांडल्यावर अशाच एका रांगेला मागं टाकायला तिसऱ्या गिअरला पाय दाबला. दाजी आकडे वाचायला लागले, "एकशे ऐंशी, दोनशे दहा, दोनशे चाळीस... आरं, एकशे तीस!" दोन ट्रॉल्यांच्या मधोमध गाडीनं मान टाकली. समोरून दुधाचा टेम्पो. ट्रॅक्टरवाल्यानं बिचाऱ्यानं जागा दिली म्हणून आत घुसलो. ज्यांची गाडी असं करते त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत ओव्हरटेक विसरा, यात गंमत नाही.

पण त्या दहा सेकंदांत निम्मं निदान झालं होतं. दाब वाढतच नसेल, आकडा १५०-१६० वर रेंगाळत असेल, सोबत शिट्टी किंवा काळा धूर असेल, तर हवा कुठंतरी बाहेर चाललीय. इंटरकूलरचा (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप, त्याचा क्लॅम्प किंवा उघडा अडकलेला वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप. स्कॅनरवर तेव्हा बहुधा पी ०२९९ हा बिघाडाचा कोड येतो, म्हणजे दाब कमी. माझ्याकडं उलटं होतं. चांगल्या दिवसांत २१५ ला स्थिर राहणारा आकडा २४० च्या पुढं जाऊन कोसळत होता. कोड पी ०२३४, दाब जास्त. म्हणजे टर्बो गेला नव्हता, उलट त्याला आवरणारं कुणी नव्हतं. दाब मर्यादेबाहेर गेला की कॉम्प्युटर डिझेल तोडतो, दाब उतरला की परत सोडतो, म्हणून ते झटके.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्याला माहीत आहेतच. पाणी ठरावीक पातळीला आलं की पाणीच दरवाजा उघडतं, माणूस लागत नाही. माझ्या साध्या टर्बोचा वेस्टगेट तसाच. टर्बोनं दाबलेली हवा एका बारक्या रबरी नळीतून अ‍ॅक्च्युएटरच्या डबीत जाते, डबीतला पडदा दांडी ढकलतो, दांडी झडप उघडते आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. नळीतून हवा गळाली तर दरवाजाला निरोपच पोचत नाही. (व्हेरिएबल टर्बोची, म्हणजे पंख्याभोवतीची पाती हलवून दाब सांभाळणाऱ्या टर्बोची, गोष्ट वेगळी. त्यात बऱ्याचदा व्हॅक्यूमवर काम चालतं आणि नळी फुटली की दाब वाढण्याऐवजी कमी पडतो.)

उताराला इंजिनवर जोर नसल्यामुळं घाटात जाताना काहीच कळलं नाही. परतीच्या चढाला तिसऱ्या वळणानंतर खेळ सुरू झाला. रुंद जागा बघून थांबलो. इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं, चढ चढून आल्या आल्या बंद केलं तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागेवर करपतं. मग बंद करून बॉनेट उघडून अर्धा तास बसलो. घाई करू नका, त्या भागाला हात लागला तर कातडी निघते. माकडांनी तेवढ्यात आमची केळी नेली.

मोठे पाइप हातानं दाबून बघितले, तेलाचा ताजा ओघळ कुठंच नाही. मग ती बारकी नळी. दिसायला धडधाकट. दाजींनी ती टोकाशी वाकवली आणि क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर उघडली, आतला धागा पांढरा दिसत होता. सोडली की चीर मिटायची. थंड असताना घट्ट, तापून मऊ झाली की तोंड उघडायची. गॅरेजात पाच मिनिटांत ती सापडणार कशी?

चिरलेला इंचभर भाग ब्लेडनं कापला आणि उरलेली नळी परत बसवली. लांबीला थोडा ढिलेपणा होता म्हणून जमलं, नसता तर हळूहळू कोल्हापूर गाठायचं होतं. दाजीपूरपर्यंत मुद्दाम पाय दाबून आलो. २१२, २१५, २१४.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात त्याच आतल्या मापाची, धागा विणलेली, उष्णता सोसणारी नळी घेतली, क्लिपांसकट दीडशे रुपये. सायकलची ट्यूब किंवा फिश टँकची नळी लावणारे भेटतील, हसून पुढं जा. आणि कुणी टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थेट अ‍ॅक्च्युएटरला देऊन बघू म्हणाला तर हात धरा. ती डबी एखाद्या बारला (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल) हलते, कॉम्प्रेसर सात-आठ बार मारतो, पडदा फाटतो. गेज असलेला हातपंपच पाहिजे. दांडीचा नटही फिरवू देऊ नका.

डिझेल राधानगरीतच भरून घ्या. घाटात थांबायचं तर दिवसाउजेडी थांबा, संध्याकाळनंतर दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. पावसाळ्यात धुक्यानं पुढचं वळण दिसत नाही, तेव्हा ही तपासणी पुढं ढकला.