सत्तरचं दशक: गाणं ऐकायचं की बघायचं?

सोमवार

१९७० ते १९७९ या दहा वर्षांतल्या मराठी चित्रपटांत सगळ्यांत सरस संगीत कोणाचं, असा वाद सुरू झाला की तो शेवटी दोन नावांवर येऊन ठेपतो: ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘जैत रे जैत’ (१९७७). दोन्ही बाजूंची माणसं तळमळीने बोलतात, पण बहुतेक वेळा गाण्यांची यादी पुढे करतात. यादीच लावायची तर ‘पिंजरा’ला हरवणं अवघड आहे. एकामागून एक लावण्या, जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांच्या चाली, उषा मंगेशकरांचा आवाज. लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत ती गाणी आजही वाजतात.

यादीने गाणी मोजून होतात, चित्रपटाचं संगीत मात्र मोजायचं राहून जातं. त्यासाठी दुसरी कसोटी लागते. गाणं सुरू होण्याआधीचा शेवटचा संवाद लिहून घ्यायचा आणि गाणं संपल्यावरचा पहिला. मधल्या तीन-चार मिनिटांत कोणाचं काय बदललं ते पाहायचं. मग गाणं कोणाच्या तोंडी आहे ते: पात्राच्या, समूहाच्या, की पडद्यावरच्या कुणाच्याच नाही. शेवटी ते गाणं मनातल्या मनात कापून टाकायचं. गोष्ट तशीच चालत राहिली तर गाणं कितीही गोड असो, ते चित्रपटाला टेकून उभं आहे. गोष्ट लंगडली तर चित्रपट त्या गाण्याच्या आधाराने उभा आहे.

मंगळवार

कसोटी लावण्याआधी प्रत तपासायला हवी, कारण निम्मे वाद चुकीच्या प्रतीवरून होतात.

जुना चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. आपल्याकडचा टीव्ही आणि त्यासाठी काढलेल्या बऱ्याच सीडी-डीव्हीडी २५ चौकटींच्या. रूपांतर करताना पुष्कळदा चित्रपट सरळ २५ ने पळवला जातो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि आवाज साधारण ४ टक्क्यांनी चढतो. सुराच्या भाषेत हा फरक जवळजवळ पाऊण अर्धस्वराचा. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्याशी जातं, गायिकेचा आवाज बारीक होतो, ढोलकी घाईत वाजल्यासारखी वाटते. मग कोणीतरी म्हणतं की रेकॉर्डवरचं गाणं ‘जास्त ठाय’ (संथ) आहे आणि पडद्यावरचं ‘जास्त झोकात’ आहे. खरं तर दोन्हीकडे वाजवणारे तेच आणि लयही तीच.

हे दुरुस्त करता येतं. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय घ्यायचा आणि वेग ०.९६ करायचा. मोबाइलच्या प्लेअरमध्ये नुसता वेग कमी करून भागत नाही. तो प्लेअर सूर जिथल्या तिथे धरून ठेवतो, म्हणजे लय उतरते आणि आवाज चढलेलाच राहतो. सगळ्या प्रतींत हा दोष नसतो; नव्याने केलेल्या डिजिटल प्रती बहुधा २४ वरच असतात. रेकॉर्ड आणि चित्रपट शेजारी ठेवून पेटीवर षड्ज लावून पाहिला की दोन मिनिटांत कळतं.

दुसरी गोष्ट ध्वनिपट्टीची. त्या काळातल्या ३५ मिमी प्रिंटवरचा आवाज एकाच मार्गाचा (मोनो), प्रकाशपट्टीवरचा. साधारण ८ किलोहर्ट्‌झच्या वरचं त्यातून फारसं ऐकू येत नाही. घुंगरांची किणकिण, तुणतुण्याच्या तारेची धार, झांजेची शेवटची लहर तिथेच मरते. रेकॉर्डवर ती जिवंत असते. पण रेकॉर्डची अडचण निराळी. ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकडीच्या एका बाजूला दोन गाणी बसवायची तर प्रत्येक गाण्याला साडेतीन मिनिटांच्या आसपासच जागा मिळते. मग एखादा अंतरा किंवा मधलं वाद्यसंगीत गळतं. ‘पिंजरा’ रेकॉर्डवरून आणि ‘जैत रे जैत’ टीव्हीवरच्या प्रतीवरून ऐकून निवाडा करणं म्हणूनच अन्यायाचं आहे. इंटरनेटवरच्या अतिदाबलेल्या फायलींचं तर बोलूच नये. त्यांत ढोलकीचा खर्जातला धूम फुगतो, कडेवरची टणक चाट फाटते आणि घुंगरू वाळूसारखे खरखरतात.

बुधवार

आता ‘पिंजरा’. एक आदर्शवादी मास्तर, तमाशाला गावाबाहेर काढायला निघालेला, त्याच तमाशातल्या नाचणाऱ्या चंद्रकलेच्या मोहात सापडतो. गावाला तो मेला असं वाटतं, गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो फासावर जातो. गोष्टीचं मूळ १९३० च्या एका जर्मन चित्रपटात आहे, पण व्ही. शांतारामांनी ती तमाशाच्या फडात अशी रुजवली की मूळ शोधायची गरज भासत नाही. डॉ. श्रीराम लागूंचा पडद्यावरचा हा पहिला मोठा ठसा.

राम कदमांनी आदल्याच वर्षी ‘सोंगाड्या’चं संगीत केलं होतं. एकच माणूस, तीच ढोलकी, तेच तुणतुणं. तिथे दादा कोंडक्यांच्या भाबड्या विनोदाला लागणारा उनाड ठेका आहे, इथे मास्तरांना खेचून नेणारी लावणी आहे. लावणीतला कारागीर म्हणून राम कदमांची उंची पाहायची तर हे दोन चित्रपट लागोपाठ ऐकावेत.

पण कसोटी लावली की ‘पिंजरा’तल्या बऱ्याच लावण्या फडावरच राहतात. चंद्रकलेची मोहिनी पहिल्या एक-दोन गाण्यांत पुरती उभी राहते. पुढची गाणी ती वाढवत नाहीत, पुन्हा दाखवतात. तमाशाच्या एका बारीतली (खेळातली) लावणी दुसऱ्या बारीत नेली तर कथेचं फारसं बिघडत नाही. अपवाद एकच, पण तो एकटा सगळ्यांना भारी आहे: ‘कशी नशिबानं थट्टा आज मांडली’. तिथे रंजन संपतं आणि मास्तरांच्या घसरणीला आवाज मिळतो. ते गाणं काढलं तर पुढचा पुतळ्याचा आणि फासाचा सगळा भाग कोरडा होतो.

‘जैत रे जैत’मध्ये उलट आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डॉ. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी. ठाकर या आदिवासी जमातीतला नाग्या मधमाशीच्या डंखाने डोळा गमावतो आणि लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवण्याची ईर्षा धरतो. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे येते. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. इथे गाणी गोष्टीच्या मधे येत नाहीत, गोष्ट सांगतात. ‘आम्ही ठाकर ठाकर’मध्ये एका जमातीची ओळख होते, तीही संवादांच्या चार पानांइतकी. ‘मी रात टाकली, मी कात टाकली’मध्ये चिंधी जुनं आयुष्य सोडते, आणि त्या निर्णयासाठी वेगळा प्रसंग लिहावाच लागत नाही. ‘जांभुळ पिकल्या झाडाखाली’मध्ये ढोल केवळ ताल धरत नाही, नाग्याच्या हातातली ती वस्तू आहे, त्याची ओळख आहे.

हृदयनाथांचं कसब समूहस्वरात आहे. कोरस इथे मागे भिंत म्हणून उभा नाही. एक ओळ एकट्याची, पुढची सगळ्यांची, आणि दोन्हींमधला श्वास मुद्दाम मोकळा. कान देऊन ऐका: ढोल नेहमी बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत नाही, किंचित मागे रेलतो, त्यामुळे चालीला डोंगर चढणाऱ्या माणसाची लय येते. महानोरांचे शब्द शेतातले आणि रानातले, पण बोलीचं प्रदर्शन मांडणारे नाहीत. म्हणूनच, फक्त गाणी ऐकली तर ‘पिंजरा’ आणि चित्रपट पाहिला तर ‘जैत रे जैत’, हा माझा कौल.

गुरुवार

कौल दिला तरी दशक या दोघांवर संपत नाही. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात १९७५ साली स्पर्धेत होता, आणि तो गाण्यांसाठी नव्हे तर विजय तेंडुलकरांच्या पटकथेसाठी, निळू फुल्यांच्या हिंदूरावासाठी आणि लागूंच्या मास्तरासाठी आठवला जातो. त्याचे संगीतकार भास्कर चंदावरकर सतारीतले आणि रंगभूमीवरचे. त्याआधी ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत त्यांनीच केलं होतं. म्हणून त्यांना शांततेची किंमत ठाऊक होती. आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ रवींद्र साठ्यांच्या आवाजात येतं तेव्हा ते कुणा एका पात्राचं राहत नाही. मारुती कांबळेचं काय झालं, या चित्रपटात पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नाइतकंच ते चित्रपटाचा कणा आहे. कसोटीवर हे एकच गाणं अख्ख्या अल्बमांना पुरून उरतं.

१९७९ हे वर्ष तर एकट्याने वाद पेटवायला पुरेसं आहे. ‘अष्टविनायक’मध्ये अनिल-अरुण यांच्या चाली आणि स्वतः पडद्यावर उभे असलेले वसंतराव देशपांडे. ‘दाटून कंठ येतो’मध्ये गाणारा गळा आणि दिसणारा चेहरा एकाच माणसाचा आहे, त्यामुळे श्वास कुठे घेतला तेही दिसतं. पार्श्वगायनाला ती जवळीक साधत नाही. त्याच वर्षीचं ‘सिंहासन’ दुसऱ्या टोकाला: कृष्णधवल, सत्तेच्या खेळाचं, आणि त्यात सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’ आशा भोसल्यांच्या आवाजात. ते गाणं आज मोर्चांत आणि सभांत म्हटलं जातं, पण कादंबरीकार अरुण साधूंच्या त्या मुंबईत, पत्रकार दिगू टिपणीसच्या थकलेल्या चेहऱ्याशेजारी ऐकलं की त्याच्यातला राग कमी आणि हताशा जास्त ऐकू येते.

‘सिंहासन’ पाहताना एवढं करावं: हे गाणं सुरू झालं की आवाज वाढवू नये. आधीच्या दृश्याच्या पातळीवरच ठेवावा. तो चित्रपट संवादांच्या पट्टीत बांधलेला आहे, गाणंही त्याच पट्टीत ऐकायचं.